बुडत्या टीमला ट्रेडचा आधार

NBA या अमेरिकन बास्केटबॉल लीगमधल्या वॉशिंग्टन विझर्ड्स या टीमला तुमची गरज आहे. हो, तुमचीच. 2023-24 ला 82 पैकी 15 मॅच जिंकले, पुढच्या सीझनला 18, म्हणजे म्हटलं तर प्रगतीच आहे, पण तिथले गलेलठ्ठ पगारवाले लोक दिवसरात्र बसून जे करू शकले नाहीत ते तुम्ही इथे सकाळी सहाला उठून, एक डोळा मॅचवर आणि एक डोळा उतू जाणाऱ्या दुधावर ठेवून पाच मिनिटांत करून देऊ शकता. एक ट्रेड, म्हणजे दुसऱ्या टीमशी खेळाडूंची अदलाबदल सुचवायची, बस.

त्यासाठी बास्केटबॉल कळायला पाहिजे असं काही नाही. बोहारीण आठवा. आपल्या आईने तिला कधी पैठणी काढून दिली का? बाबांच्या गुडघ्यात विरलेल्या तीन पँटी, एक आटलेला स्वेटर, आणि मागायचं काय तर झाकणासकट कुकर! सेम तत्त्व. आपल्याकडचे तीन बेंचवर बसणारे आणि एक गुडघ्याचं ऑपरेशन झालेला असे चार द्यायचे आणि समोरच्याचा ऑलस्टार मागायचा. समोरची टीम का देईल, असले खवचट प्रश्न मनात आणायचे नाहीत. बोहारीण निदान पँट उजेडात धरून भोक बघते, तुमच्या डोक्यातल्या ट्रेडमध्ये समोरचा मॅनेजर नेहमी डोळे मिटूनच सही करतो.

मग पगार जुळवायचे. टीम सॅलरी कॅपच्या, म्हणजे एकूण पगाराच्या ठरलेल्या मर्यादेच्या वर असेल तर जेवढ्या पगाराचे खेळाडू घ्यायचे साधारण तेवढ्या पगाराचे द्यावे लागतात, आणि हे जुळवून दाखवणाऱ्या वेबसाइट्स आहेत. तिथे हिरवी खूण आली की ट्रेड झालाच समजा, छत्तीस गुण जुळले म्हणजे मुलीने होकारच दिला की. एक भानगड मात्र आहे, एप्रन. स्वयंपाकघरातलं नाही, कॅपच्याही वर आखलेली पगाराची रेषा, आणि अशा दोन आहेत. दुसऱ्या एप्रनच्या वर गेलेल्या टीमला दोन-तीन जणांचे पगार एकत्र करून त्या बदल्यात एक मोठा खेळाडू आणता येत नाही. म्हणजे तीन पँटींवर कुकर बंद! लीगने सरळ आपल्या धंद्यावरच पाय दिलाय, त्यामुळे हा नियम वाचलाच नाही असं वागा.

सौदा अडला की वर पिक टाकायची. पिक म्हणजे ड्राफ्टमधली, दरवर्षी नवे खेळाडू निवडायची पाळी, पण आपण ते पीकच समजावं, पेरलं आज आणि खाणार कोण ते देव जाणे. क्लीव्हलँडचे मालक टेड स्टेपियन यांनी 80 च्या दशकात ही पिक अशी वाटली, अशी वाटली की शेवटी लीगला नियम काढावा लागला, पुढच्या लागोपाठ दोन वर्षांची फर्स्ट राउंड पिक देऊन मोकळं होता येणार नाही. (वडिलोपार्जित जमिनीलाही असा एक नियम असता तर आमच्या घराण्याचं भलं झालं असतं, असो.) ब्रुकलिनने हा नियम अगदी काटेकोर पाळला. 2013 मध्ये 37 वर्षांचा केव्हिन गार्नेट आणि 35 चा पॉल पिअर्स आणले, बदल्यात बॉस्टनला 2014, 16 आणि 18 ची पिक दिली आणि 17 ची अदलाबदल करायचा हक्क दिला. त्यातून बॉस्टनला पुढे जेलन ब्राउन आणि जेसन टेटम मिळाले आणि 2024 ची चॅम्पियनशिपही. ट्रेड झाला तेव्हा टेटम 15 वर्षांचा होता, शाळेत. तेव्हा 2031 ची पिक बिनधास्त द्या, ते पोरगं आत्ता गणिताच्या क्लासला बसलंय, ते कुठे भांडायला येतंय.

विझर्ड्सना खरं तर हे शिकवायला नको. त्यांनी 2022 ला ब्रॅडली बीलला पाच वर्षांचे 25 कोटी 10 लाख डॉलर दिले आणि वर असं कलम की त्याच्या परवानगीशिवाय त्याला कुठे पाठवता येणार नाही, जावयाचा मान! वर्षभरात त्याला फिनिक्सला पाठवून ख्रिस पॉल घेतला, पॉल देऊन जॉर्डन पूल घेतला, 2025 ला पूल देऊन सीजे मॅकॉलम. साडीचं पातेलं, पातेल्याचा डबा, डब्याची गाळणी.

कोणी डेट्रॉइटचं नाव काढलं तर लगेच विषय बदला. ते लागोपाठ 28 मॅच हरले होते, अख्ख्या सीझनला 14 जिंकले, 68 हरले, आणि पुढच्याच वर्षी 44-38. कसं? खेळाडू तोच, केड कनिंगहॅम, नवा कोच, दोन-चार अनुभवी शूटर. यात सुपरस्टारचा ट्रेडच नाही, मग आपण बोलायचं काय?

त्यापेक्षा डॅलसचं सांगा. फेब्रुवारी 2025, आपल्याकडे रविवारचे पोहे चालले होते आणि बातमी आली की लुका डॉन्चिच लेकर्सला. लोकांना वाटलं बातमी देणाऱ्याचं अकाउंट हॅक झालं. आठ महिन्यांपूर्वी टीमला फायनलला नेणारा 25 वर्षांचा पोरगा दिला आणि घेतलं काय तर 31 चा अँथनी डेव्हिस, मॅक्स ख्रिस्टी आणि 2029 चं एक पिक. पैठणीच काढून दिली हो! आणि मे महिन्यात ड्राफ्टच्या पाळ्या ठरवणारी लॉटरी निघाली (जो जास्त हरतो त्याला जास्त चान्स) तर फक्त 1.8 टक्के चान्स असलेल्या डॅलसला पहिला नंबर, म्हणजे त्या ड्राफ्टमधला सगळ्यात भारी पोरगा, कूपर फ्लॅग. वर्षभर इमानदारीत हरून 14 टक्के चान्स कमावलेले विझर्ड्स सहाव्यावर. ज्याने हा ट्रेड केला त्या डॅलसच्या मॅनेजरला, निको हॅरिसनला, नोव्हेंबरमध्ये काढलं, पण ते त्याचं, आपल्याला कोण काढतंय.

म्हणजे विझर्ड्सना रस्ता सापडला, आपला सुपरस्टार अर्ध्या रात्री देऊन टाकायचा. अडचण एकच, त्यांच्याकडे डॉन्चिचच्या तोडीचं द्यायला कोणी नाही. आधी कुठून तरी आणावा लागेल. कपाटात तीन पँटी आहेत का बघा.