पाण्याचा नमुना असा घ्यावा (फोटोसकट)

गावाच्या आरोग्याची काळजी वाहणाऱ्या तमाम कार्यकर्त्यांनो, ऊन तापलंय, म्हणजे पाणी तपासणीचा मोसम आलाच. परवा मराठवाड्यातल्या एका गावात हा सोहळा जसा पार पडला, तोच आदर्श मानून या चार सूचना.

22 मार्चला जलदिनाची फेरी काढा. बॅनर जपून ठेवा, पावसाळ्यात कडब्यावर टाकायला होतं.

टीसीएलचं, म्हणजे पाण्यात टाकायच्या ब्लीचिंग पावडरचं पोतं उघडंच राहू द्या. क्लोरीन उडून चुना उरला तरी रंग पांढराच दिसतो. हजार लिटरला 5 ग्रॅम मोजायला आपण काय सोनार आहोत? बादलीत कालवायचं, चुना खाली बसू द्यायचा, वरची निवळी तेवढी टाकीत ओतायची, असले लाड कोण करणार! ओंजळभर थेट टाकीत. पाण्यात क्लोरीन उरलंय का ते दाखवणारी ओटी टेस्ट तर करूच नका. पिवळा रंग आला नाही की जलसुरक्षकाला वाईट वाटतं, आणि त्याचं मानधन आधीच थकलेलं असतं.

आता नमुना. प्रयोगशाळेची निर्जंतुक बाटली कपाटातच बरी. लग्नातली रिकामी बाटली घ्या, तळाशी कोल्ड्रिंक असलं तरी चालतं. प्रयोगशाळेच्या बाटलीत थायोसल्फेट असतं, नमुन्यातलं क्लोरीन निष्प्रभ करायला. ते नसलं की वाटेत क्लोरीन जंतू मारत राहतं आणि अहवालात गावचं पाणी गंगाजळ ठरतं. आपल्याला तेच तर हवंय! हापसा आधी दोन-तीन मिनिटं हापसायचा म्हणतात; ती मिनिटं फोटोला द्या. बूच मातीत ठेवा, बाटलीच्या तोंडात बोट घाला, हसा. मग बाटली जीपच्या डॅशबोर्डवर, 42 अंशांत, शनिवार-रविवार धरून. ती बर्फाच्या डब्यातून 24 तासांच्या आत पोचवायची असते, ठाऊक आहे. पण डब्यात पाहुण्यांचं कोल्ड्रिंक होतं ना. बाटलीवर हापशाचं नाव लिहू नका. अहवाल कोणत्या पाण्याचा, हे गूढ राहिलं म्हणजे तंटा होत नाही.

किनवटकडे पोरांच्या दातांवर तपकिरी पट्टे दिसले तर 'पाणी उकळून प्या' सांगा. पोस्टरवर तेच छापलंय.

ते पट्टे फ्लोराइडचे, आणि उकळून फ्लोराइड जात नाही हो! नायट्रेटही जात नाही. पाणी आटतं, ते तेवढंच राहतं, म्हणजे दर लिटरमागे वाढतंच. लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड असलेला बोअर प्यायला बंद करायचा आणि दुसरा स्रोत शोधायचा. एवढी एक ओळ पोस्टरवर मावत नाही? तुमच्या नऊ लोगोंना बरी जागा होते!

आणि परवा त्याच गावातल्या त्या बाईला का झापलंत? पाच बायांना पाणी तपासायचं किट तुम्हीच दिलंत. तिने किटच्या बाटलीत खुणेपर्यंत हापशाचं पाणी भरलं, बाटली सावलीत ठेवली, दुसऱ्या दिवशी ती काळी झाली. म्हणजे पाण्यात घाण मिसळतेय, हे तिने चारचौघांत सांगितलं. तुम्ही म्हणालात, किट खराब असेल, गावाची बदनामी करू नका. किटवरची तारीख तरी वाचलीत का? हापशाच्या ओट्याला बोटभर भेग आहे, धुण्याचं पाणी तिथंच मुरतं, शोषखड्डा दहा पावलांवर. हे तिला रोज दिसतं. तुम्ही त्याच ओट्यावर उभं राहून फोटो काढलात.

डॅशबोर्डवरच्या बाटल्या ओतून द्या. ओटा सिमेंटने बुजवून घ्या. मग या परत, बर्फ घेऊन, आणि बूच हातात धरा.