‘विंडोज ११ टाकले की नॅस निम्म्यावर येतो’ : एका फिरत्या दाव्याचा प्रतिवाद

लग्नसराईच्या तोंडावर कोल्हापुरातील छायाचित्रकारांच्या आणि संगणक दुरुस्ती करणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांतून एक मजकूर फिरत आहे. त्याचा गोषवारा असा : विंडोज १० वरून घरच्या नॅसमध्ये (नेटवर्कला जोडलेल्या, फाइली साठवण्याच्या पेटीत) फाइल टाकताना सेकंदाला ११३ मेगाबाइटचा वेग मिळतो आणि तीच फाइल परत वाचताना ४१२ चा, त्याच नॅसवर विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती मात्र ३८ वर अडकते, याचे कारण नव्या आवृत्तीतील सक्तीची ‘साइनिंग’ (पाठवलेल्या मजकुरावर मारलेला पडताळणीचा शिक्का) होय, म्हणून साइनिंग बंद करा, एसएमबी १ (नेटवर्कवरून फाइली नेण्या-आणण्याच्या एसएमबी या प्रोटोकॉलची जुनी आवृत्ती) पुन्हा चालू करा, रजिस्ट्रीत (विंडोजच्या अंतर्गत सेटिंगच्या नोंदवहीत) एक किंमत बदला, आणि तेवढ्याने भागले नाही तर सरळ विंडोज १० वर परत जा. सोबत पडद्याची दोन छायाचित्रे आहेत. राजारामपुरीत बसून मी काही स्टुडिओंची आणि घरांची नेटवर्क सांभाळतो. हा मजकूर मला तीन ग्राहकांकडून आला, आणि त्यांपैकी एकाने तोवर लॅपटॉपवर विंडोज १० टाकलेही होते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

प्रथम ११३ या आकड्याविषयी. तो खोटा नाही, परंतु तो विंडोज १० चा वेग नव्हे. गिगाबिट तारेतून सेकंदाला १००० मेगाबिट, म्हणजे १२५ मेगाबाइट जातात. माहिती लहान लहान पाकिटांतून जाते; प्रत्येक पाकिटाबरोबर पत्ते, तपासणीचे बाइट आणि दोन पाकिटांमधली मोकळी जागा जाते, ती वजा केली की प्रत्यक्ष मजकुरासाठी सुमारे ९५ टक्के उरतात, म्हणजे जवळजवळ ११८.७. विंडोजची कॉपी करण्याची खिडकी मेगाबाइट मोजताना १०२४ च्या पटीत मोजते, त्यामुळे हाच वेग तेथे ११३ असा दिसतो. याचा अर्थ त्या चाचणीत तार पूर्ण भरली होती, एवढाच. दोन बैलगाड्या एका बोळातून एकामागून एक निघाल्या तर कोणते बैल अधिक तगडे, हे बोळाच्या रुंदीवरून ठरत नाही. ज्या चाचणीत एक बाजू तारेच्या कमाल मर्यादेला टेकली आहे, त्या चाचणीतून त्या बाजूची खरी ताकद कळत नाही.

४१२ हा आकडा तर मजकूर लिहिणाऱ्यानेच स्वतःविरुद्ध दिलेली साक्ष आहे. ज्या तारेतून ११३ च्या वर काही जाऊ शकत नाही, त्या तारेतून ४१२ आले कोठून? ते तारेतून आलेच नाहीत. नॅसवर नुकतीच लिहिलेली फाइल विंडोज आपल्या मोकळ्या रॅममध्ये काही काळ धरून ठेवते आणि लगेच वाचायला मागितली तर तेथूनच देते, त्यामुळे मोजला गेला तो संगणकाच्या स्मरणाचा वेग. ही अडचण जुनीच आहे. नॅस तपासण्यासाठी इंटेलने पूर्वी दिलेले ‘नॅस परफॉर्मन्स टूलकिट’ वापरतानाही संगणकात २ जीबीहून अधिक रॅम असेल तर निकाल फुगतात, हे जाणकारांना ठाऊक होते, आणि आज १६ जीबी रॅम सर्रास दिसते. यावर साधा उपाय असा की चाचणीची फाइल रॅमच्या दुप्पट तरी मोठी घ्यावी, किंवा वाचण्यापूर्वी संगणक बंद करून पुन्हा चालू करावा.

याच संदर्भात व्हिस्टाची आठवण काढण्यासारखी आहे, कारण ‘नवे विंडोज फाइल हळू नेते’ ही तक्रार २००७ सालीही अशीच घरोघरी पोहोचली होती. एक्सपीची कॉपीची खिडकी बंद होत असे तेव्हा शेवटचा बराच मजकूर अजून रॅममध्येच असे आणि डिस्कवर नंतर सावकाश उतरे; व्हिस्टा मोठ्या फाइलींच्या बाबतीत काम खरोखर संपेपर्यंत खिडकी उघडी ठेवत असे. लोकांनी घड्याळ लावून खिडक्या मोजल्या. काही बाबतींत व्हिस्टा खरोखरच मंद होते, हेही खरे, आणि पहिल्या सर्व्हिस पॅकमध्ये कॉपीची पद्धत बदलावी लागली, ज्याची कारणमीमांसा मायक्रोसॉफ्टचे अभियंते मार्क रुसिनोविच यांनी फेब्रुवारी २००८ मध्ये सविस्तर मांडली. खिडकी मिटणे आणि काम संपणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मात्र तेव्हाही फारसे कोणी ऐकून घेतले नाही.

आता ३८. हा आकडा पाहताच हात आपोआप केबलकडे जातो, कारण यूएसबी २.० च्या मार्गाची कागदावरील मर्यादा ४८० मेगाबिट असली तरी प्रत्यक्षात तो सेकंदाला ३० ते ४० मेगाबाइटच देतो. फिरत्या मजकुरातील दुसरे छायाचित्र नीट पाहिले तर तेथे एक पातळ लॅपटॉप आहे आणि त्याच्या बाजूला लॅनचा अ‍ॅडॉप्टर लोंबतो आहे. पहिल्या छायाचित्रात मात्र टेबलाखालचा डेस्कटॉप आहे. नव्या पातळ लॅपटॉपना बहुधा लॅनचे पोर्ट नसतेच. तेव्हा ही तुलना विंडोज १० आणि ११ यांची नसून मदरबोर्डवरचे पोर्ट आणि बाजूला लटकणारा अ‍ॅडॉप्टर यांची असण्याचा संभव दाट आहे. शिवाय पहिल्या छायाचित्रात एकच मोठा व्हिडिओ जातो आहे, तर दुसऱ्यात हजारो फोटोंचे फोल्डर. प्रत्येक लहान फाइलमागे उघडणे, लिहिणे, बंद करणे अशा नॅसशी वेगळ्या फेऱ्या होतात आणि वर व्हायरस तपासणी असते, त्यामुळे तो वेग कोणत्याही विंडोजवर कोसळतोच.

केबलचे प्रकरण कोल्हापुरात विशेष आहे. २०१९ च्या महापुरानंतर नदीकडच्या भागात अनेकांनी तळमजल्यावरचा नॅस माडीवर हलवला आणि जुनी केबल जोड देऊन वाढवली. अशा एका घरात मला सेकंदाला साडेअकरा मेगाबाइट मिळत होते, आणि मालकांची खात्री होती की हा अपडेटचा प्रसाद आहे. गिगाबिटला केबलमधील चारही जोड्या लागतात. १०० मेगाबिटला दोन पुरतात. जोड देणाऱ्याने क्रिम्पिंग करताना (केबलच्या टोकाला कनेक्टर दाबून बसवताना) दोनच जोड्या लावल्या होत्या, आणि राउटरने काही न बोलता १०० मेगाबिटवर समाधान मानले होते. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये इथरनेटच्या पानावर लिंकचा वेग १०००/१००० आहे की १००/१००, हे पाहायला अर्धे मिनिट लागते. आवृत्तीला दोष देण्यापूर्वी एवढे तरी पाहावे.

साइनिंगचा मुद्दा मात्र हातावेगळा करण्यासारखा नाही, कारण त्यात तथ्याचा अंश आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या २४एच२ पासून विंडोज ११ च्या प्रो, एंटरप्राइज आणि एज्युकेशन या प्रकारांत एसएमबीच्या प्रत्येक जोडणीसाठी साइनिंग सक्तीची झाली आहे. वाटेत कोणी पाकिटात फेरफार केली तर ती उघड व्हावी म्हणून प्रत्येक पाकिटावर गणिती शिक्का मारला जातो, आणि हा शिक्का मारायला व तपासायला दोन्ही टोकांच्या प्रोसेसरला काम पडते, एवढे खरे. परंतु होम प्रकारात ही सक्ती मुळातच नाही, आणि दुकानातून घरासाठी घेतलेल्या लॅपटॉपवर बहुधा होमच असते. म्हणजे ज्या यंत्रांवर हा मजकूर सर्वाधिक वाचला जातो, त्यांतील पुष्कळ यंत्रांवर त्याने सांगितलेले कारणच हजर नाही.

प्रो असेल तर? गेल्या काही वर्षांतील संगणकांच्या प्रोसेसरमध्ये एईएस या सांकेतिकीकरणाच्या पद्धतीचे गणित करणारे खास आदेश असतात, आणि एसएमबी ३ मधील शिक्का एईएसवरच आधारलेला असल्याने गिगाबिटच्या वेगाला तो जड जात नाही. जड जातो तो नॅसला. स्वस्त, जुन्या, अशा आदेशांविना चालणाऱ्या प्रोसेसरचा नॅस असेल, किंवा त्याच्या सेटिंगमध्ये एसएमबी २ च्या वर परवानगी नसल्याने जुना एचमॅक-शा२५६ शिक्का वापरावा लागत असेल, तर वेग खरोखर घसरतो. त्यासाठी नॅसच्या सेटिंगमध्ये कमाल प्रोटोकॉल एसएमबी ३ करावा, आणि कॉपी चालू असताना नॅसचा प्रोसेसर शंभर टक्क्यांना टेकतो का ते पाहावे. टेकत नसेल तर दोष साइनिंगचा नाही. ज्यांच्या नॅसला साइनिंग जमतच नाही किंवा ज्यांचे शेअर पासवर्डविना पाहुणा म्हणून उघडत असत, त्यांना प्रोवर मंद वेग नव्हे, सरळ एरर दिसतो. ‘जोडतच नाही’ आणि ‘हळू चालते’ या दोन तक्रारी गटांत एकाच पोत्यात भरल्या गेल्या आहेत.

विंडोज ११ चा खरा दोष शोधायचाच असेल तर तो २०२२ सालचा आहे. २२एच२ आवृत्तीत दुसऱ्या संगणकावरून अनेक जीबींच्या फाइली आपल्याकडे आणताना वेग ४० टक्क्यांपर्यंत घसरत असे. मायक्रोसॉफ्टने तो मान्य केला, तोवर रोबोकॉपी हे विंडोजमधलेच कॉपीचे साधन ‘/जे’ पर्यायासह वापरण्यास सांगितले, आणि नंतरच्या अपडेटमध्ये दुरुस्ती दिली. फिरत्या मजकुरात याचा उल्लेखही नाही.

उरले उपाय. एसएमबी १ चालू करण्याचा सल्ला देणाऱ्याने मे २०१७ मधील वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसचा हल्ला विसरला असावा. तो याच प्रोटोकॉलच्या छिद्रातून पसरला, आणि त्याच वर्षीच्या शरद ऋतूतील विंडोज १० पासून नव्या प्रतींत एसएमबी १ मुळात बसवलेच जात नाही. वेगासाठी तर ते निरुपयोगीच आहे, कारण नंतरच्या आवृत्त्या एका फेरीत जितके मोठे तुकडे आणि जितक्या मागण्या एकदम पाठवतात, तितके त्याला जमत नाही. रजिस्ट्रीतील ती किंमत गाणे किंवा व्हिडिओ चालू असताना नेटवर्कला आवर घालणारी आहे, जी व्हिस्टाच्या काळात गाजली होती. गाणे बंद असताना तिचा संबंध नाही. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, त्यामुळे ग्राहकांचे लग्नाचे अल्बम ज्या यंत्रावर आहेत तेथे मागे जाणे मला पटत नाही.

ज्या ग्राहकाने ते केले होते, त्यांच्या घरी मी गेल्या आठवड्यात जाऊन आलो. विंडोज १० वर त्यांना मिळत होते ३८. त्यांचा अ‍ॅडॉप्टर चांगला, यूएसबी ३ चा होता, पण तो माऊस-कीबोर्डसाठी घेतलेल्या जुन्या यूएसबी २.० हबमध्ये खोचलेला होता. तो काढून लॅपटॉपच्या स्वतःच्या पोर्टमध्ये लावला, तेच फोल्डर न घेता एकच मोठा व्हिडिओ टाकला, आणि काटा ११२ वर स्थिरावला. मग त्यांनीच विचारले की आता पुन्हा ११ टाकायला किती वेळ लागेल.