कंपायलर गप्प झाला की घाबरावं

क्यूटी म्हणजे प्रोग्रामच्या खिडक्या-बटणं बनवायचं तयार सामान. क्यूटी 5 वरचं सॉफ्टवेअर क्यूटी 6 वर न्यायचं म्हणजे पाचाचे सहा करायचे, असं संगीतवाल्यांना वाटतं. प्रोग्रामर मंडळींना जरा जास्त कळतं, त्यामुळे त्यांचा गैरसमजही जरा जास्त पक्का असतो. कुठे काय मोडलं ते कंपायलर, म्हणजे कोड यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम, सांगतोच, आपण नुसतं एकेक निस्तरत जायचं, असं ते म्हणतात. सांगतो ना. त्याला कळतं तेवढं सांगतो.

आमचं सॉफ्टवेअर मुक्त स्रोताचं. एका खिडकीत स्टाफच्या पाच रेषांवर सूर लिहायचे, दुसरीत ट्रॅक मांडायचे आणि सगळं मिडीतून, म्हणजे वाद्यांना निरोप धाडायच्या भाषेतून, सिंथेसायझरकडे धाडून वाजवायचं. खिडक्या, मेनू, बटणं, एवढंच काय, सुरांची काळी गोल डोकीसुद्धा क्यूटीच काढून देतं. ते हललं की आमचं सगळंच हलतं. क्यूटी 6 आलं डिसेंबर 2020 मध्ये. आम्ही म्हणालो, बघू. फेब्रुवारी 2024 मध्ये लिनक्सवरचा केडीई प्लाझ्मा 6 हा डेस्कटॉप त्याच्यावर उभा राहून आला. आम्ही म्हणालो, बघतोय. मग लिनक्सची पॅकेजं सांभाळणारे लोक नम्रपणे विचारायला लागले की तुमच्यासाठी क्यूटी 5 अजून किती काळ ठेवायचं, तेव्हा कुठे आम्ही बघितलं. या क्षेत्रात उशिराला वाडवडिलांचा आशीर्वाद आहे म्हणा. क्यूटी 4 आलं 2005 साली आणि रोझगार्डनसारखं संगीताचं मातब्बर सॉफ्टवेअर केडीई 3 सोडून त्याच्यावर आलं ते 2010 साली.

पहिल्या बिल्डला शेकडो चुका निघाल्या. तो काळ सुखाचा होता, हे नंतर कळतं. प्रत्येक चुकीला फाइलचं नाव, ओळीचा नंबर, वर ‘तुम्हाला अमुक तर म्हणायचं नाही ना?’ अशी अदबीची विचारणा. माउसच्या मधल्या बटणाचं नाव बदललेलं, अक्षरांची रुंदी सांगणाऱ्या फंक्शनचं बदललेलं. मजकुरातले नमुने शोधणाऱ्या नियमित पदावल्यांचा (रेग्युलर एक्स्प्रेशन्सचा) जुना वर्ग तर मुख्य घरातून उचलून ‘क्यूटी5कम्पॅट’ नावाच्या अडगळीच्या खोलीत नेऊन ठेवलेला. शोधा, बदला, पुढे चला. यादी आटत गेली आणि एका संध्याकाळी कंपायलर अवाक्षर न काढता बाजूला झाला. खिडकी उघडली. सूर जागच्या जागी होते. मी एंटर दाबला आणि सिंथेसायझर वाजायला लागला.

तो थांबेना.

क्यूटीत बटण दाबलं की सिग्नल सुटतो आणि तो कुठल्यातरी स्लॉटला, म्हणजे पुढचं काम करणाऱ्या फंक्शनला, जोडलेला असतो. जोडणीच्या जुन्या पद्धतीत सिग्नलचं नाव नुसतं मजकूर म्हणून लिहून द्यायचं. कंपायलरच्या लेखी तो निव्वळ मजकूर. त्या नावाचा सिग्नल खरंच आहे का, ही चौकशी प्रोग्राम चालू झाल्यावर होते, आणि नसलाच तर टर्मिनलवर एक ओळ उमटते. आमचा प्रोग्राम टर्मिनलवर इतका बडबडतो की त्यात ही ओळ म्हणजे भर सभेत कोणीतरी हळूच खाकरल्यासारखी. दाबलेल्या बटणाचा क्रमांक सांगणारा ‘बटनक्लिक्ड’ क्यूटी 6 मधून गेला आणि त्याच्या जागी ‘आयडीक्लिक्ड’ आला. वाजवा, थांबा, मागे न्या आणि पॅनिक ही आमची चारही बटणं त्या एका गटातली. एंटरची वाट मेनूतून वेगळी जात होती, म्हणून वाजण्याचं तेवढं जमलं.

‘थांबा’ दाबलं की ते छान आत जायचं, छान बाहेर यायचं. वाजवणारा धागा, म्हणजे प्रोग्रामात समांतर चालणारं काम, खिडकीच्या धाग्यापासून वेगळा असतो, त्यामुळे खिडकीतल्या माझ्या धडपडीची त्याला गंधवार्ता नव्हती. तेच आठ बार फिरून फिरून वाजत होते. शेवटी मी प्रोग्रामच मारून टाकला. पण मिडीत सूर चालू करण्याचा निरोप वेगळा आणि बंद करण्याचा वेगळा असतो, आणि हा दुसरा निरोप पाठवणाऱ्यालाच मी नेमका मारला होता. सिंथेसायझर इमाने इतबारे एक खर्जातला सूर धरून बसला. अशा वेळेसाठीच पॅनिकचं बटण असतं. ते सगळ्या चॅनेलांवर कंट्रोलर 123 पाठवतं, म्हणजे सगळे सूर बंद. मी प्रोग्राम पुन्हा उघडला आणि पॅनिक दाबलं. ते छान आत गेलं, छान बाहेर आलं. मग मी सिंथेसायझरचा प्लग काढला.

दुसरं दुखणं अबोल होतं. सुरावर माउस नेला की तो उजळायचा, ते बंद झालं. माउस आत शिरला की क्यूटी एक ठरावीक फंक्शन बोलावतं, त्याचं आमचं रूप आम्ही लिहिलेलं. क्यूटी 6 ने त्या फंक्शनला मिळणाऱ्या वस्तूचा प्रकार बदलला होता. कोडमध्ये ‘हे मूळ फंक्शनच्या जागी आहे’ असं सांगणारा ‘ओव्हरराइड’ हा शब्द असता तर कंपायलर ओरडला असता. पण तो शब्द सी प्लस प्लसमध्ये आला 2011 साली आणि आमचं कोड त्याच्या आधीचं. कंपायलरने समजूत करून घेतली की या गृहस्थांना त्याच नावाचं आणखी एक फंक्शन हवं असेल, असतात एकेकाच्या आवडी. ते फंक्शन आजही शुद्ध, निर्दोष आहे. त्याला कोणी बोलावत नाही, एवढंच.

स्टाफच्या पाच रेषांचं तर विचारूच नका. स्क्रीनवरचं सगळं 125 टक्क्यांवर, म्हणजे सव्वापट मोठं, ठेवलं असलं तर क्यूटी 5 तो अपूर्णांक पूर्णांकात बसवायचं. क्यूटी 6 जसाच्या तसा पुढे पाठवतं. परिणामी एक रेष एका पिक्सेलची, शेजारची दोन पिक्सेलची. एका चाचणीकर्त्याने विचारलं, तिसरी रेष जाड का आहे, ती जोरात वाजवायची का?

आम्ही रेषा बारीक केल्या, बटणं जोडली, ‘ओव्हरराइड’ हजार ठिकाणी डकवलं. नवी आवृत्ती वापरून एकाने कळवलं की सगळं अगदी पहिल्यासारखंच आहे, मग नवीन काय केलंत? दुसऱ्याने कळवलं की काहीच पहिल्यासारखं नाही. जुन्या पूर्णांकी हिशेबात त्याच्या स्क्रीनवर दोन स्टाफ जास्त मावायचे आणि ते दोन त्याला परत हवेत.

दरम्यान क्यूटी 6.7 मध्ये चेकबॉक्सला नवा सिग्नल आला, आणि 6.9 पासून जुन्यावर कालबाह्यतेचा शिक्का बसला. आमच्या सेटिंग्जच्या खिडकीत चेकबॉक्स सोडून दुसरं काही नाही. जोडण्या सगळ्या जुन्या, नुसत्या मजकुराच्या. कंपायलर त्याबद्दल अजून एक शब्द बोललेला नाही.