नाचता येईना, स्टुडिओ वाकडा? : 'जुना श्रोता' यांना उत्तर

मागच्या लेखाखाली 'जुना श्रोता' या नावाने एक प्रतिक्रिया आली आहे. ती शोधत बसायला नको म्हणून थोडक्यात इथेच देतो. पिंक फ्लॉइड या इंग्लिश रॉक बँडच्या १९७० च्या 'ॲटम हार्ट मदर' या अल्बमवरचा माझा लेख म्हणे 'पाल्हाळ आणि भक्तिभाव' आहे. पहिल्या बाजूवरची, त्याच नावाची तेवीस मिनिटांची रचना म्हणजे 'लय सांभाळता न येणाऱ्या पोरांनी भाड्याची ब्रास आणून केलेली झाकपाक' (ब्रास म्हणजे ट्रम्पेटसारखी पितळी वाद्यं). तिची शेवटची चार मिनिटं 'नुसता गोंगाट'. बँडमधले गिल्मर आणि वॉटर्स स्वतःच तिला कचरा म्हणतात, मग तुम्ही कोण? कव्हरवरच्या गाईच्या फोटोवर दीड परिच्छेद कशाला? आणि समारोप: 'साहेब, नाचता येईना स्टुडिओ वाकडा, एवढंच तुमच्या लेखाचं सार. स्टुडिओत कधी पाऊल तरी ठेवलंय का?'

म्हण झकास फिरवलीत, टाळी घ्या. पण श्रोतेसाहेब (तुमचाच 'साहेब' तुम्हाला परत), सात-आठ ओळींच्या मजकुरात दोनदा 'बकवास', एकदा 'भंपक' आणि एकदा 'भक्तमंडळी' लिहिणारा माणूस चर्चेला आलेला नसतो, हशा वसूल करायला आलेला असतो. मतभेद असू द्या की. या ब्लॉगवर याहून कडक टीका आली आहे आणि ती जशीच्या तशी छापली आहे. पण लेख नीट वाचल्याची एखादी तरी खूण तुमच्या प्रतिक्रियेत दिसायला हवी होती. टेपची अडचण मी लेखात सविस्तर मांडली होती. तिच्यावर तुमचा एक शब्द नाही, थेट म्हणच.

आणि हो, स्टुडिओत पाऊल ठेवलं आहे. स्पूल टेप ब्लेडने कापून जोडणं हे माझं पोटापाण्याचं काम होतं, त्यामुळे टेपबद्दल जे लिहितो ते इकडून-तिकडून वाचून लिहिलेलं नसतं. हे सांगायची वेळ यायला नको होती.

एक गोष्ट मात्र मान्य. दुसऱ्या बाजूचं 'ॲलन्स सायकेडेलिक ब्रेकफास्ट' लांबलं आहे. नळाची टिपटिप, तव्यावरची चुरचुर आणि दौऱ्यात बँडचं सामान सांभाळणाऱ्या (रोडी) ॲलन स्टाइल्सची बडबड यांत तेरा मिनिटं जातात. सात पुरली असती. तुम्ही ते 'कंटाळवाणं' म्हणालात, इथे आपलं जमलं. आता तुमच्या त्या एका वाक्याकडे येतो, कारण प्रतिक्रियेत उत्तर देण्याजोगं तेवढंच आहे.

'लय सांभाळता न येणारी पोरं.'

लय हलते, हे मी लेखातच लिहिलं होतं. शोध तुमचा नाही. प्रश्न आहे का हलते, आणि त्याचं कारण लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत आहे. स्टुडिओची मालक कंपनी ईएमआय हिने तिथे नुकतीच एक इंच रुंदीची, आठ ट्रॅकची (शेजारी-शेजारी आठ वेगळे आवाज घेणारी) टेप आणली होती, आणि या टेपला ब्लेड लावायचं नाही असा व्यवस्थापनाचा हुकूम होता. बँडचा ड्रमर निक मेसन याने आपल्या आठवणींत हे स्पष्ट लिहिलं आहे. त्यामुळे मेसन आणि वॉटर्स यांना ड्रम आणि बासचा पाया सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका दमात वाजवावा लागला. वर गिटार नाही, ऑर्गन नाही, धून नाही. पुढचा भाग कुठे सुरू होतो ते डोक्यात ठेवायचं आणि वाजवत राहायचं. एकोणिसाव्या मिनिटाला हात घसरला तर पुन्हा पहिल्यापासून. कानात लय दाखवणारी क्लिकही नाही.

हुकूम मूर्खपणाचा होता का? नाही, आणि हे टेप कापलेल्या माणसाला पटकन कळतं. पाव इंची टेप ४५ अंशांत कापली की कापाची एक कड दुसरीच्या पाव इंच पुढे जाते. सेकंदाला १५ इंच या वेगाने हे अंतर सुमारे १७ मिलिसेकंदांचं होतं. एक आवाज दुसऱ्यात अलगद मिसळतो, कानाला सांधा कळत नाही. तीच कापणी एक इंची टेपवर केली तर कडांमधलं अंतर ६७ मिलिसेकंदांवर जातं. कडेच्या ट्रॅकवर ड्रम आणि विरुद्ध कडेला बास असेल तर ड्रम नव्या टेकमध्ये (पुन्हा वाजवलेल्या तुकड्यात) पोचलेले असतात आणि बास अजून जुन्यात रेंगाळतो. म्हणून रुंद टेप जवळजवळ काटकोनात कापायची. पण मग सांधा एकदम येतो, आणि झांजेची आस दोन्ही बाजूंना जुळली नाही तर 'टक्' ऐकू येतं. त्यात जोडपट्टीचा डिंक कालांतराने कडेने बाहेर येऊन शेजारच्या वेढ्याला चिकटतो. सांधा हेडवरून जाताना टेप केसभर उचलली गेली तरी वरच्या पट्टीतला आवाज दबतो, आणि तो आठही ट्रॅकवर एकदम. माध्यम नवं असताना स्टुडिओने हात आखडता घेतला, यात वावगं काय?

दुसरा उपाय होता का? भाग वेगवेगळे ध्वनिमुद्रित करून मिक्सनंतर (सगळे ट्रॅक एकत्र केल्यावर) पाव इंची मास्टरवर, म्हणजे अंतिम टेपवर, जोडायचे. बीटल्सनी हे भरपूर केलं होतं. पण इथे एका भागाची शेपूट पुढच्या भागाखाली वाजत राहते, ऑर्गनचा सूर सांध्यावरून ओढलेला असतो. तो असा तोडून जोडता येत नाही.

आता याचा परिणाम कुणावर झाला ते बघा. बँड अमेरिकेच्या दौऱ्यावर निघाला आणि कच्चं मिक्स संगीतकार रॉन गीसिनच्या हाती देऊन गेला: यावर ब्रास, चेलो आणि कोरस लिही. गीसिनने तो उन्हाळा लंडनमध्ये स्वरलिपी लिहिण्यात घालवला. कागदावरचे बार (ठरावीक मात्रांचे गट) एकसारखे, टेपवरचे नाहीत. समजा, एखादा भाग मिनिटाला ७२ मात्रांनी सुरू झाला आणि पुढे ७० वर आला. कानाला फरक जाणवतही नाही. पण चार-चार मात्रांच्या १६ बारमध्ये हा फरक दीड सेकंदांचा होतो, म्हणजे जवळपास दोन मात्रा. हेडफोन लावून स्वरलिपी वाचणारा ट्रम्पेटवाला ७२ धरून चालला तर तो ड्रमच्या आधी पोचतो. म्हणजे नेहमी वादकांना ओढून नेणाऱ्या संचालकालाच इथे टेपच्या मागे जावं लागतं, आणि टेप पुढे कुठे रेंगाळणार ते पाठ असावं लागतं.

हे करायला गीसिन स्वतः उभा राहिला. त्याला असल्या सेशनचा अनुभव नव्हता, लिहिलेलं वाजवायला अवघड होतं आणि सेशनच्या ब्रासवाल्यांनी त्याला जेरीस आणलं. शेवटी छडी कोरसचा संचालक जॉन अल्डिस याच्या हाती गेली. त्याचा कोरस तिथे गाणारच होता आणि अशा वादकांना कसं हाताळायचं ते त्याला ठाऊक होतं. माझं मत विचाराल तर ध्वनिमुद्रण त्यामुळे पार पडलं, पण ब्रासची धार थोडी बोथट झाली. ती मात्रेवर आदळत नाही, किंचित मागे टेकून बसते. ही खरी त्रुटी. टीका करायची तर इथे करायची होती. तुम्ही मात्र ड्रमवर घसरलात.

आणि 'झाकपाक'? ब्रास येण्याआधी ही रचना बँड मैफलींत चौघांतच वाजवत होता, तेव्हा तिचं कामचलाऊ नाव 'द अमेझिंग पुडिंग' होतं. ब्रास आणि कोरससह ती २७ जून १९७० ला बाथच्या महोत्सवात आली. पुढेही कितीतरी ठिकाणी ती ब्रासविना वाजली, कारण तेवढी माणसं घेऊन दौरा करणं परवडणारं नव्हतं. तुमचा माझ्यावर विश्वास नसेल (तो नाहीच), तर बँडच्या जुन्या ध्वनिमुद्रणांच्या २०१६ च्या 'द अर्ली इयर्स' संचातल्या १९७० च्या भागात फक्त बँडचं सुरुवातीचं स्टुडिओ रूप आहे. ते लावा. झाकण काढल्यावर भांड्यात काय आहे ते स्वच्छ दिसेल.

मग मूळ अल्बम ऐकताना एवढं करा. फोनवर टॅप करून टेम्पो दाखवणारा मेट्रोनोम घ्या. ड्रम स्थिरावल्यावर पहिले चार बार सोडा, पुढचे आठ बार टॅप करा, आकडा लिहा. मग सव्वादहा मिनिटांच्या सुमाराला ऑर्गन आणि गिटारचा सैल, फंकी भाग सुरू होतो, तिथे पुन्हा आठ बार. दोन भागांच्या सांध्यावर मोजू नका, तिथला बदल मुद्दाम केलेला आहे. ताडताना एकाच भागाचं तोंड आणि शेपूट घ्या. हलतं किती, ते तेव्हा कळेल. त्या गिटार सोलोखाली मेसन जे धरून बसलाय, ते लय न येणाऱ्याचं काम वाटतं का, हे आकडे समोर ठेवून सांगा.

आणखी एक. लय न सांभाळणाऱ्या याच पोरांनी वर्षभरात 'एकोज' केलं. तेही तेवीस मिनिटांच्या वरचं, आणि भाड्याचा एकही माणूस नाही. तेव्हा त्यांनी काम सोळा ट्रॅकच्या स्टुडिओतही नेलं, कारण ॲबी रोडचे आठ पुरेनात. नाच तोच, अंगण बदललं.

'शेवटची चार मिनिटं गोंगाट' याबद्दल तुम्हाला संशयाचा फायदा देतो, कारण तुम्ही एलपीवर ऐकता असं लिहिलं आहे. एलपीची तबकडी एकाच वेगाने फिरते, पण सुईखालून खाच सरकण्याचा वेग आत जाताना घटतो. बाहेरच्या कडेला तो सेकंदाला साधारण ५० सेंटिमीटर असतो, लेबलजवळ २० च्या आसपास. म्हणजे तेवढाच तपशील निम्म्याहून कमी जागेत कोंबायचा. २३ मिनिटांची बाजू असल्यामुळे खाच आतपर्यंत जातेच. आणि ब्रास, कोरस, गिटार, ड्रम असं सगळं मिळून मुख्य धून कुठे परत येते? 'सायलेन्स इन द स्टुडिओ' ही हाळी होऊन गेल्यावर, नेमकी लेबलच्या कडेला.

गोल टोकाची सुई तिथे हमखास अडखळते. लंबवर्तुळाकार टोकाची लावून बघा. कार्ट्रिज (सुई धरणारा भाग) शेलमध्ये सरळ बसलं आहे का ते प्रोट्रॅक्टरवर (कोन तपासायच्या पट्टीवर) दोन्ही खुणांपाशी तपासा. नुसतं बाहेरच्या खुणेवर जुळवून लोक सोडून देतात. सुईचा भार कंपनीने दिलेल्या मर्यादेच्या वरच्या निम्म्यात ठेवा. तबकडी जपायची म्हणून भार कमी करणं उलटं नडतं, कारण हलकी सुई खाचेत आपटत जाते आणि भिंती खरवडते. एवढं करूनही आवाज फाटला तर तुमची प्रत आधीच्या मालकाने झिजवलेली आहे. मग सीडी ऐका आणि गोंगाट किती उरतो ते बघा. थोडा उरेल. आठ ट्रॅकवर एवढी माणसं बसवायची म्हणजे ट्रॅक एकत्र करून पुन्हा उतरवायचे, आणि दर वेळी टेपची खरखर वाढते, कोरसच्या व्यंजनांची कड जाते. त्याला गढूळ म्हणा, माझी हरकत नाही. गोंगाट नव्हे.

राहता राहिलं बाकीचं.

गिल्मर आणि वॉटर्स पुढे या रचनेबद्दल वाईट बोलले, हे जगजाहीर आहे. त्याच गिल्मरने जून २००८ मध्ये चेल्सीच्या महोत्सवात गीसिनबरोबर रंगमंचावर येऊन हीच रचना वाजवली. मेसनच्या अलीकडच्या बँडच्या कार्यक्रमांतही तिचा तुकडा वाजला आहे. कलाकाराचं स्वतःच्या कामाबद्दलचं मत हा पुरावा मानायचा, तर कुठल्या सालचं मानायचं ते आधी ठरवा. श्रोत्यांचा कौल हवा असेल तर इंग्लंडच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलेला हा त्यांचा पहिला अल्बम. अमेरिकेत तो ५५ च्या वर सरकला नाही, हेही मी लपवलेलं नाही.

गाय: आवडत नसेल तर कव्हर पालथं ठेवा. मागेही गाईच आहेत, त्याला माझा नाइलाज आहे.

'पाल्हाळ': हे उत्तर वाचून तुमचं मत बदलणार नाही, याची कल्पना आहे.

यापुढे प्रतिक्रिया द्याल तर एवढं पाळा: कुठली आवृत्ती ऐकलीत, कितव्या मिनिटाला काय खटकलं आणि कशावर ऐकलंत. टॅपचे आकडे आणलेत तर ते तुमच्या नावाने वर लावेन, माझ्या विरोधात गेले तरी. 'बकवास' असलेली पुढची प्रतिक्रिया मात्र मंजूर होणार नाही.