संत्री, फेस आणि मेहुणा

नाशिकला राहणाऱ्या माणसाला वाइनमधले कळते, अशी मुंबई-पुण्याच्या नातेवाइकांची पक्की समजूत असते. गंगापूर धरणाच्या वाटेवर द्राक्षमळे आहेत आणि दिंडोरीकडे वायनरी आहेत हे खरे. पण म्हणून कॉलेज रोडवर दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या आणि आयुष्यभर विम्याचे अर्ज तपासलेल्या गृहस्थाच्या अंगी ते ज्ञान वाऱ्याबरोबर येत नाही. तरीही फेब्रुवारीत द्राक्षांची तोडणी सुरू झाली, की सासरची मंडळी येतात, शनिवारी कुठल्याशा मळ्यावर टबात उभी राहून हौसेने द्राक्षे तुडवतात आणि रविवारी आमच्याकडे जेवायला असतात.

यंदा मेहुण्याने जेवण रद्द करून ब्रंच, म्हणजे न्याहारी आणि जेवण एकत्र, जाहीर केला. "दाजी, तुम्ही बाकी काही बघू नका, फक्त मिमोसा करा. दोनच तर वस्तू लागतात. बुडबुड्यांची स्पार्कलिंग वाइन आणि संत्र्याचा रस." ज्या पदार्थाला दोनच वस्तू लागतात, त्या पदार्थापासून शहाण्याने लांब राहावे, असे माझे मत आहे. बिर्याणीत एखादी गोष्ट कमीजास्त झाली तर बाकीचे मसाले सांभाळून घेतात. येथे सांभाळणारे कोणीच नसते.

हिशेब मांडून पाहा. माणसे बारा, प्रत्येकी दोन पेले, पेल्यात दीडशे मिलिलिटर आणि त्यात निम्मी वाइन, निम्मा रस. म्हणजे वाइन १८०० मिलिलिटर, अर्थात ७५० च्या तीन बाटल्या. हा भाग पैशाने सुटतो. रसही १८०० मिलिलिटर, आणि हा भाग मनगटाने सोडवावा लागतो, कारण एक मध्यम संत्रे पिळून साधारण पन्नास-साठ मिलिलिटरच रस देते. तीस-पस्तीस संत्री मिक्सरमध्ये घालावीत, तर बिया भरडल्या जाऊन रस कडू होतो. आदल्या रात्री निवांतपणे हाताने पिळून ठेवावीत, तर तेही जमत नाही. आपल्या नागपुरी संत्र्याची खोडी अशी, की ताजा रस मधासारखा लागतो, पण ठेवला की त्यातल्या आम्लामुळे लिमोनिन नावाचे कडू द्रव्य हळूहळू तयार होते आणि सकाळपर्यंत त्या रसाला काढ्याची कळा येते. म्हणून रस ज्या दिवशीचा त्याच दिवशी काढावा लागतो. १८९५ साली गाय बेरिंजर नावाच्या इंग्रज लेखकाने रविवारी न्याहारी आणि जेवण एकत्र करावे अशी बाजू मांडली, तेव्हा शनिवारी रात्री जागलेल्यांना सकाळी उशिरापर्यंत झोपता यावे, हा त्याचा एक मुद्दा होता. त्या झोपणाऱ्यांसाठी साडेपाचला उठून संत्री कोण पिळणार, याविषयी त्याने काय विचार केला होता, ते मला कधीतरी जाणून घ्यायला आवडेल.

शिवाय बाटल्या थंड हव्यात. वाइन जितकी थंड, तितका त्यातला कार्बन डायऑक्साइड विरघळलेला राहतो. कोमट बाटली उघडली की निम्मा ऐवज जमिनीवर जातो. हे शास्त्र मी आईला समजावून सांगितले. पण फ्रिजच्या त्या कप्प्यात इडलीचे पीठ होते आणि ते हलवले तर फुगणार नाही, हे तिचे शास्त्र अधिक जुने होते. अखेर बाटल्या बर्फासह बादलीत गेल्या, आणि आमच्याकडे बादली एकच असल्यामुळे त्या दिवशी अंघोळी शॉवरखाली झाल्या.

मामा, म्हणजे बायकोचे मामा, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. त्यांनी आल्याआल्या विचारले, "परवाने काढलेत का?" १९४९ चा दारूबंदी कायदा महाराष्ट्रात अजून जिवंत आहे आणि पिणाऱ्याने परवाना बाळगावा अशी त्याची अपेक्षा आहे, हे ज्यांना तोंडपाठ आहे अशा मोजक्या लोकांत मामा येतात. एका दिवसाचा परवाना पाच रुपयांना मिळतो, हेही त्यांनी सांगितले आणि खिशातून स्वतःचा आजीव परवाना काढून टेबलावर ठेवला. त्यानंतर ते तो परवाना दिसेल अशा जागी बसून राहिले.

बाटली उघडणे हा सोहळ्याचा मध्य. आत पाच ते सहा वातावरणांइतका दाब असतो, म्हणजे मोटारीच्या चाकातल्या हवेच्या दुपटीहून जास्त, आणि तो दाब एका बुचाने आणि तारेच्या जाळीने धरून ठेवलेला असतो. म्हणून जाळी सैल करतानाच अंगठा बुचावर ठेवायचा, बाटली तिरकी धरायची, बूच घट्ट पकडून बाटली फिरवायची आणि बूच हळूच बाहेर येऊ द्यायचे. सगळे नीट जमले तर एक बारीकसा सुस्कारा ऐकू येतो. मी तो सुस्कारा काढून दाखवला आणि खोलीभर निराशा पसरली. मेहुण्याच्या मुलाने मोबाइल धरून ठेवला होता. "काका, फट् कुठे आहे?" असे त्याने विचारले. मामींना वाटले बाटली शिळी निघाली. दुसरी बाटली मेहुण्याने उघडली. ती फट् झाली, बूच पंख्याच्या पात्यावरून देवघराच्या दिशेने गेले, एक पेलाभर वाइन सतरंजीने घेतली आणि सर्वांनी टाळ्या वाजवल्या.

आता पेले. निमुळते उंच पेले घरात सहा होते; उरलेल्या सहा जणांना स्टीलचे फुलपात्र मिळाले, आणि स्टीलमधून बुडबुडे दिसत नसल्यामुळे आपल्या वाट्याला बुडबुडे आलेच नाहीत अशी तक्रार शेवटपर्यंत चालू राहिली. आधी तिरक्या पेल्यात वाइन ओतावी, फेस बसू द्यावा आणि मग रस घालावा, अशी माझी पद्धत. रस जड असल्याने तळाशी जाता जाता आपोआप मिसळतो. ढवळले तर वायू निघून जातो. हे सांगत असतानाच मामींनी स्वतःच्या फुलपात्रात चमचा घालून चांगले पाच-सहा वेळा ढवळले, चाखून पाहिले आणि साखर मागितली.

"नाशकात राहून संत्री कशाला? द्राक्षाचा रस घाला की," असे कोणीतरी सुचवले. त्यावर मामा म्हणाले, "बापलेकांना एकाच पेल्यात बसवू नये." त्या दिवशीचे सर्वांत शहाणपणाचे वाक्य मी हेच मानतो.

मेहुण्याला इतिहासही ठाऊक होता. लंडनच्या बक्स क्लबात १९२१ साली मॅकगॅरी नावाच्या बारमनने शॅम्पेन आणि संत्र्याचा रस एकत्र केला. त्यात शॅम्पेन रसाच्या दुप्पट. पुढे १९२५ च्या सुमारास पॅरिसच्या रिट्झ हॉटेलात निम्मे-निम्मे प्रमाण होऊन मिमोसा झाला, आणि त्याचे श्रेय तिथले बारमन फ्रँक मायर यांना देतात. या दोघांनीही तो पेला काळ्या मसाल्याच्या मिसळीबरोबर दिला नव्हता, एवढे मी निश्चित सांगू शकतो. नाशिकच्या रविवारी मिसळ टाळणे अशक्य. पण अल्कोहोलने तिखटाची आग वाढते आणि बुडबुडे त्यात आपली चुरचुर घालतात. पहिल्या घोटानंतर मेहुण्याचे कान लाल झाले, दुसऱ्यानंतर त्याने पाव मागितला, आणि तिसऱ्यानंतर त्याने इतिहास बंद केला. मामी मात्र साखर घातल्यामुळे सुखरूप होत्या.

निघताना, डोळे पुसत, त्याने पुढचा बेत सांगितलाच. व्हेनिसच्या हॅरीज बारमध्ये १९४८ साली जुझेप्पे चिप्रियानी यांनी पांढऱ्या पीचचा गर आणि प्रोसेको ही इटलीची स्पार्कलिंग वाइन मिसळून बेलिनी तयार केले. आपण अक्षय्य तृतीयेला पीचऐवजी हापूसचा रस घ्यायचा. आमरसात पाण्याचा थेंबही न खपवणाऱ्या आईच्या कानावर ही गोष्ट कोणी घालायची, याबद्दल माझी आणि बायकोची बोलणी अजून चालू आहेत.