गेटवेचे छायाचित्र काय सांगू शकत नाही

गेटवे ऑफ इंडियाचे जुने आणि नवे छायाचित्र शेजारी ठेवून ‘शंभर वर्षांत पाणी होते तिथेच आहे, मग मुंबईला धोका कसला?’ असे विचारणारा संदेश पुन्हा पुन्हा फिरतो. पेल्यातला बर्फ वितळला तरी पाणी वाढत नाही आणि समुद्रपातळीतील वर्षाला ३ मिलिमीटर वाढ नगण्य आहे, असेही त्यात म्हटलेले असते.

मुंबईत उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीच्या पातळीत चार-पाच मीटरचा फरक पडतो. त्यामुळे छायाचित्र कोणत्या तिथीला आणि कोणत्या वेळी टिपले हे ठाऊक नसताना त्यावरून काही सेंटिमीटरची वाढ ताडणे अशक्यच आहे. त्यासाठी अपोलो बंदरावरच्या १८७८ पासूनच्या भरतीमापकाच्या नोंदी पाहाव्या लागतात आणि त्या चढच दाखवतात.

पेल्याचा दाखला तरंगत्या बर्फापुरता ठीक आहे. ग्रीनलंड आणि अंटार्क्टिकावरचा बर्फ मात्र जमिनीवर साठलेला आहे, तो वितळून समुद्रात आला की पाण्यात भर पडते; शिवाय समुद्राचे पाणी तापले की प्रसरण पावते.

राहिला ३ मिलिमीटरचा मुद्दा. १९९३ मध्ये जगाच्या सरासरी समुद्रपातळीच्या वाढीचा वेग वर्षाला सुमारे २ मिलिमीटर होता, तो आता दुपटीहून अधिक झाला आहे. ‘२०५० मध्ये मुंबई गडप होणार’ हेही खरे नाही, कारण या दाव्यासोबत फिरणारे, शहराचा भाग लाल रंगात दाखवणारे नकाशे भरतीच्या किंवा वार्षिक पुराच्या पातळीखाली येणारी जमीन दाखवतात, कायमची बुडालेली नव्हे. पण मुंबईचे खरे दुखणे पावसाच्या पाण्याच्या निचऱ्यात आहे आणि तिथे थोडी वाढही महागात पडते. पर्जन्यजल वाहिन्यांच्या १८६ पातमुखांपैकी (पाणी समुद्रात सोडणाऱ्या तोंडांपैकी) ४५ सरासरी समुद्रपातळीच्याही खाली आहेत, १३५ भरतीच्या पातळीखाली आहेत आणि भरतीच्या वर केवळ ६ आहेत. भरती चढली की पाणी बाहेर पडत नाही, उलट समुद्रच वाहिन्यांत शिरू पाहतो; तेवढ्यात मोठी सर आली तर हिंदमातेसारख्या सखल भागात आणि मिठीकाठच्या कुर्ल्यात पाणी साचून राहते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा भरतीने निचऱ्याची वाट अडवली होती. समुद्राची पातळी जितकी उंचावेल, तितका वेळ प्रत्येक भरतीला ही वाट बंद राहील. हाजी अली आणि इर्ला येथे उदंचन केंद्रे (पाणी पंपाने उपसून समुद्रात सोडणारी केंद्रे) उभारावी लागली, ती पाणी आपोआप समुद्रात जाईल हा भरवसा आजच उरला नसल्यामुळे.