साठ वॅटचा अपमान

काल कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीतल्या एका दुकानात मी साठ वॅटचे दोन पिवळे बल्ब मागितले. बाकी काही बोलले नव्हते.

"पिवळा?" दुकानदारानं माझ्याकडं पाहिलं, जणू मी कंदिलाची वात मागितली होती. "आता कोन वापरतंय त्यो, ताई? नऊ वॅटचा एलईडी घ्या. साठाएवढाच उजेड पडतोय."

म्हटलं, उजेड नको, ऊब पाहिजे. कोंबडीची पिल्लं आहेत. सहा. दोन दिवसांची.

हे बोलायला नको होतं. स्टुलावर एक मामा मिक्सरचं भांडं मांडीवर घेऊन बसले होते. 'पिल्लं' ऐकताच भांडं काउंटरवर गेलं आणि मामा सरसावले.

"गावठी का बॉयलर?"

"कावेरी."

"रस्सा बरा हुतोय. पर शिजायला येळ."

"अंड्यांसाठी आणलीत, मामा."

"समदी असंच म्हनत्यात." मामा दुकानदाराकडं बघून हसले. "आमची आई डालग्याखाली झाकायची. बल्ब न्हाई, काय न्हाई. एक पिल्लू मेलं न्हाई."

"पण डालग्यात कोंबडी असायची ना?"

"असायची की!"

"तिच्या अंगाची ऊब मिळायची. माझ्याकडं कोंबडी नाही, म्हणून बल्ब."

मामांनी क्षणभर विचार केला. "मग कोंबडीच का आनली न्हाई?"

यावर काय बोलणार? दुकानात आणखी तीन गिऱ्हाइकं होती, तीही माझ्या उत्तराची वाट बघत होती. मी घसा खाकरून शास्त्र सांगायला घेतलं. कोंबडीच्या अंगात 41 अंशांच्या आसपास ऊब असते. पिल्लाच्या अंगावर नुसती लव, पिसं फुटेपर्यंत त्याला स्वतःला गरम ठेवता येत नाही. पहिल्या आठवड्यात त्याला 35 अंश लागतात, मग दर आठवड्याला तीनेक अंश उतरवायचे. जुन्या बल्बची नव्वद टक्क्यांहून जास्त वीज उष्णतेत जाते. ज्या उधळपट्टीपायी तो बदनाम झाला, तीच आम्हाला हवी असते.

"मग नऊ वॅटचे सात लावा की," मामा म्हणाले. "त्रेसष्ट हुतंय."

दुकान हसलं. मला राग याचा आला की हिशेब चुकीचा नव्हता. त्रेसष्ट वॅटांची ऊब शेवटी निघतेच. पण एलईडीची उष्णता बहुतेक त्याच्या बुडातून, होल्डरच्या बाजूनं वर निघून जाते, पिल्लाच्या पाठीवर पडत नाही. हे सांगायला तोंड उघडेपर्यंत मामा पुढच्या मुद्द्यावर पोचले होते. "आनि लाईट गेली तर?"

शेवटी वरच्या फळीवरून धुळीनं माखलेला एक बल्ब निघाला. एकच. "गॅरंटी न्हाई," दुकानदार म्हणाला. दुसरा सोमवारी मागवतो म्हणाला. मी दोन मागितले होते ते हौसेनं नव्हे. एक बल्ब रात्री दोन वाजता उडाला तर पहाटेपर्यंत पिल्लं गारठतात. दोन असले तर एक तरी जळत राहतो. पण हे ऐकायला दुकानात कुणाला वेळ नव्हता, मामांच्या मिक्सरच्या कपलरचं माप निघत होतं.

होल्डर मात्र चिनी मातीचाच घेतला. प्लॅस्टिकचा दिवसरात्र तापून ठिसूळ होतो आणि खाली कोरडं तूस असतं, तेव्हा तिथं पैसे वाचवू नयेत. त्याच कारणानं बल्ब नुसत्या वायरीवर लोंबकळत ठेवायचा नाही. वर आडवी काठी, तिला तारेनं बांधलेला होल्डर, आणि बल्बभोवती जाळी. तुसापासून दीड फुटावर सुरुवात, मग काठी वरखाली करत राहायचं.

खोका दोन बाय दीड फुटाचा पुरला. कोपऱ्यांत पुठ्ठा वाकवून गोलाई दिली. पिल्लांना थंडी वाजली की ती कोपऱ्यात एकमेकांवर चढतात आणि खालचं गुदमरतं. खाली भाताचं तूस, दोन इंच. पेपर अंथरणारे लोक मला कळत नाहीत. गुळगुळीत कागदावर पाय फाकतात आणि वेळीच लक्ष दिलं नाही तर फाकलेलेच राहतात. पहिले दोन दिवस तुसावर पुठ्ठ्याची खडबडीत बाजू वर करून ठेवायची.

पाणी आधी, खाद्य नंतर. पहिल्या दिवशी पाण्यात थोडा गूळ. कोल्हापुरात त्याला तोटा नाही, पण दुसऱ्या दिवशी साधं पाणी, नाहीतर भांडं नि पिल्लं दोन्ही चिकट होतात. भांडं उथळ, त्यात खडे, कारण पिल्लू बोटभर पाण्यातही बुडतं. मग मक्याचा बारीक भरडा, नंतर स्टार्टर, म्हणजे लहान पिल्लांचं तयार खाद्य. शेपटीखाली विष्ठा चिकटून वाळली की कोमट पाण्याच्या बोळ्यानं भिजवून काढायची, ओढायची नाही. ओढली तर कातडं निघतं.

तापाचा थर्मामीटर इथं कामाचा नाही, तो सुरूच 35 ला होतो. खोलीचा मिळतो तो पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर टांगावा. खरं मोजमाप पिल्लंच देतात. बल्बखाली गठ्ठा झाला तर थंडी, कडेला पळून चोची उघडल्या तर उकाडा, सगळी एकाच बाजूला सरकली तर कुठूनतरी वारा शिरतोय. पसरून बसली, बारीक चिवचिव चालली की झोपायला जावं.

मी साडेअकराला झोपायला गेले. पावणेबाराला लाईट गेली.

मामांची आठवण येणारच. शेगडीत कोळसे पेटवून खोक्याशेजारी ठेवायचा मोह होतो, पण बंद खोलीत कोळशाचा विषारी वायू पिल्लांना आणि आपल्यालाही मारू शकतो. म्हणून चुलीवर, म्हणजे गॅसवर, पाणी तापवलं, दोन बाटल्या भरल्या, जुन्या टॉवेलात गुंडाळून खोक्यात आडव्या ठेवल्या. वर गोधडी, एका कोपऱ्यात हवेला फट. दर दीड तासाला पाणी बदललं. सहाही पिल्लं टॉवेलाला पाठ लावून अशी बसली, जणू ती कोंबडीच आहे.

सोमवारी दुसरा बल्ब आणायला जायचंय. मिक्सरचं भांडं तोवर दुरुस्त झालेलं असू दे.